पार्किंगमधली हजेरी

दोन हजार चार सालची गोष्ट. कर्वेनगरच्या एका सोसायटीत आनंद वानखडे नावाचा टेस्टिंग इंजिनिअर राहायचा. मूळचा यवतमाळचा. अमेरिकेतल्या लोकांचं सॉफ्टवेअर कुठे बिघडू शकतं ते शोधणं, हे त्याचं काम. त्या जूनमध्ये त्याची मुलगी उत्कर्षा तिसरीत गेली आणि रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोट ठणठणीत आहे.

शेवटी आईने, उल्काने, तिला जवळ घेतलं तेव्हा कळलं. "बाईंनी हजेरीत माझं नाव घेतलं आणि तोंडातून आवाजच नाही आला तर? मग मी गैरहजर. मग मी वर्गात असून नसणार."

"असं कधी होत नसतं गं," उल्का म्हणाली.

"कशावरून?" आनंद म्हणाला. "टेस्ट केलंय कुणी?"

रविवारी सकाळी त्याने सोसायटीतल्या बावीस जणांना पार्किंगमध्ये रांगेत उभं केलं आणि हजेरी घ्यायला उत्कर्षाच्या हातात वही दिली. चेअरमन यज्ञेश्वर परांजपे म्हणाले, "पाण्यासाठी मीटिंग बोलावली तर चार टाळकी येतात. हजेरीला मात्र झाडून सगळे. छान." पण रांगेत सर्वांत पुढे तेच होते.

उत्कर्षाने नावं घ्यायला सुरुवात केली.

"हजर! वरची भांडी राहिलीत, लवकर आटप," कामाच्या गोदाबाई म्हणाल्या.

वॉचमन हिंदुराव दोनदा हजर म्हणाला. "एक कालची," त्याने खुलासा केला.

"यज्ञेश्वर परांजपे."

परांजप्यांनी तोंड उघडलं. आवाज नाही. नऊ वर्षं मीटिंगमध्ये कुणाला वाक्य पुरं करू न देणारा माणूस लाल होऊन नुसता उभा राहिला. उल्का पाणी आणायला धावली. आनंदच्या मनात आलं, पोरीला धीर द्यायला निघालो आणि तिची भीती तिच्या डोळ्यांदेखत खरी करून दाखवली!

उत्कर्षा पांढरीफटक पडली होती. तरी ती पुढे गेली. तिने त्यांना चपलांपासून टकलापर्यंत नीट पाहिलं.

"काका, तुम्ही आहात ना?"

त्यांनी मान हलवली.

"दिसताय की. हात वर करा."

त्यांनी हात वर केला. तिने वहीत 'हजर' लिहिलं.

पाणी प्यायल्यावर परांजप्यांना आवाज फुटला. "चौथीत अस्संच झालं होतं," ते म्हणाले. "मास्तरांनी गैरहजर मांडलं. घरी सांगितलं नाही कधी."

सोमवारी उत्कर्षाचं पोट दुखलंच, पण ती शाळेत गेली. नाव आल्यावर तिने हात वर केला. बाईंनी बघितलं, खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. गुरुवारी बारीकसा आवाजही आला.

इकडे सोसायटी मात्र ऐकेना. रोज संध्याकाळी सहाला सगळे उत्कर्षाकडे हजेरी द्यायला पार्किंगमध्ये जमू लागले. परांजपे बहिणीकडे साताऱ्याला निघाले, तर रजेचा अर्ज देऊन गेले.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी रांग तयार झाली, पण उत्कर्षा येईना. ती मागच्या मोकळ्या जागेत खेळत होती. आनंद बोलवायला गेला.

"बाबा, माझ्यावर राज्य आहे," ती धावता धावता ओरडली. "त्यांना म्हणावं, आज सुट्टी."

त्याने येऊन निरोप सांगितला. तरी कुणी हलेना. आपलं नाव कुणीतरी घेईल म्हणून दहा-बारा मिनिटं सगळे तसेच उभे होते.