चीर झाकलेलं धनुष्य

आमच्या घरात काम करणारी माणसं किती, असं कुणी विचारलं तर मी एक बोट वर करायची आणि ते स्वतःकडे वळवायची. आमचे हे कलावंत, सोंगांचं सामान सजवणारे. धाकटे दीर इश्वर सिहोऱ्याच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, राम. आता रामाला धान कापायला कसं सांगायचं? म्हणून धान मी कापायचं, भारे मी बांधायचे, आणि या दोघा भावांनी देवादिकांची कामं करायची.

मला जाऊ हवी होती. देवाला दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. पण इश्वरला पोरगी देणार कोण? पोरीच्या बापांना जावई हवा जवाहरनगरच्या फॅक्टरीतला, डबा घेऊन फॅक्टरीच्या बसमध्ये चढणारा. दोन ठिकाणांहून नकार येऊन गेला होता. सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीत कारध्याच्या टेकचंदभाऊंचा निरोप आला, की पोरगा राम होतो म्हणतात, तर दिवाळीनंतरच्या जत्रेला, मंडईला, येऊन दंडार पाहतो, पोरीलाही सोबत आणतो. मी चुलीपुढे हात जोडले.

त्या वर्षी सीतास्वयंवर होतं. वाढईने धामणीच्या लाकडाचं धनुष्य करून दिलं आणि मधोमध करवतीने चांगली खोल चीर पाडून ठेवली, म्हणजे रामाने गुडघा लावला की धनुष्य कडकन मोडावं. सजवायला ते आमच्या घरी आलं. ह्यांनी ते उलटंपालटं केलं आणि तोंड वाकडं केलं.

"शंकराचं धनुष्य, अन् मधात चीर? लोकं थुकतीन आपल्यावर."

"अवो, ते मोडासाठी हाय," मी म्हटलं.

"मोडन ना! पण मोडेपर्यंत तं चांगलं दिसलं पाहिजे का नाही? तुले कलेतलं काय समजते?"

मला कलेतलं समजत नव्हतंच. मला एवढंच समजत होतं की बांधीत धान उभं आहे आणि हे रानात गुंजा वेचत हिंडताहेत. मोरपिसं आली, रेशीमकिड्यांच्या कोशांची रिकामी टरफलं आली, गेरू आला. माझी हळद गेली. मग ह्यांनी पळसाच्या मुळ्या खणून आणल्या, कुटून त्यांचा वाख काढला. ज्या वाखाच्या दोराने आम्ही म्हशी बांधतो, तोच वाख त्या चिरेवर आवळून आवळून गुंडाळला. वरून लाख वितळवून ओतली, माझ्याच दुधाच्या गंजात. लाख ओली असतानाच गुंजा चिकटवल्या. धनुष्य नवरीसारखं दिसत होतं, हे मला मान्य करावंच लागेल. गंज मात्र कामातून गेला.

मंडईच्या दिवशी दुपारी मी बांधीतून थेट दंडारीकडे गेले, विळा कमरेलाच खोचलेला. टेकचंदभाऊ पुढच्या सतरंजीवर, शेजारी त्यांची चंद्रकांता. जनकराजा झालेल्या भय्याजींनी हात वर करून पण सांगितला, "जो हे धनुष्य मोडीन, त्याले माही पोरगी!" मिशा काढून सीता झालेला तुलाराम हार घेऊन उभा राहिला. इश्वरने धनुष्य उचललं. लोकांनी वाहवा केली. मग त्याने गुडघा लावला.

काही झालं नाही. पुन्हा लावला. मुकुट कानावर आला. पेटीवाल्याने तेच कडवं पुन्हा वाजवलं, मग तिसऱ्यांदा वाजवलं. इश्वरने धनुष्य जमिनीवर ठेवून त्यावर उडी मारली आणि स्वतःच आपटला. शेवटी सीतेला दया आली. तुलारामने हार खाली ठेवला, पदर खोचला आणि दुसरं टोक धरून ओढायला लागला. स्वयंवरात नवरा-नवरीची रस्सीखेच पाहायला मिळाल्याने पोट धरधरून हसत होती माणसं. आणि आमचे हे बाजूला उभे राहून ओरडत होते, "पाहा! काम म्हणते याले!"

टेकचंदभाऊंनी डोक्याला टोपी घातली आणि उठायला लागले. माझी जाऊ चालली होती. माझ्या डोक्यात सणक गेली. मी मंडपाच्या बांबूच्या तट्ट्यावरून पाय टाकून आत शिरले, इश्वरच्या हातातून धनुष्य ओढलं, विळ्याने खसाखस वाख कापला आणि गुडघ्यावर घेऊन मोडलं. गुंजा सगळीकडे उडाल्या.

भय्याजी जनकराजाच्या आवाजातच म्हणाले, "वयनी, हे दंडारीत नाही!"

"राम मोडते हे तं हाय ना दंडारीत? मोडलं का त्यानं?" मी म्हटलं आणि टेकचंदभाऊंकडे वळले. "भाऊ, बसा खाली. मोडीन त्याले पोरगी, हा पण आयकला ना तुमी? मोडलं मी. आता तुमची पोरगी मले द्या. देरानी म्हणून."

टेकचंदभाऊ अर्धे उठलेले तसेच राहिले. चंद्रकांता पदरात तोंड घालून हसत होती. मग बापाला म्हणाली, हळू म्हणाली पण पुढच्या सगळ्यांना ऐकू गेलं, "बाबा, एक तं माणूस कामाचं हाय या घरी. द्या मले."

वैशाखात लग्न झालं. इश्वर सांगतो, पोरीने माझा राम पाहून होकार दिला. ह्यांनी धनुष्याचे दोन तुकडे दारावर टांगलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, प्रत्यक्ष रामाला मोडलं नाही असं काम आहे. दोघांपैकी कुणीही अजून बांधीत उतरलेलं नाही. धान आम्ही दोघी कापतो.

पुढच्या दिवाळीला ह्यांनी पुन्हा धनुष्य सजवायला घेतलं. या खेपेला लाख कमी लावतो म्हणाले. मंडईला आम्ही दोघी जावा पुढच्या सतरंजीवर जाऊन बसलो. माझा विळा कमरेला होता. तिनेही आणला होता.