चावीखालची हळद

खंडेनवमीला बाबा आपली अवजारं पाटावर मांडतात. ते तरणतलावावर पोहायला शिकवतात, त्यामुळे अवजारं म्हणजे शिट्टी, पाय मारायला शिकवायची फळी आणि मनगटी घड्याळ. त्या दिवशी अवजारांना विश्रांती द्यायची, म्हणून यंदा त्यांनी घड्याळाची चावी बाहेर ओढून काटे थांबवले. मग पळीने पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. चावी बाहेर असली की पाण्यात चालणारं घड्याळही पळीभर पाणी अडवत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दसऱ्याला सकाळी काचेच्या आत वाफ धरली होती.

वर्तकनगरचा घड्याळवाला म्हणाला, "सुकवून देतो. पण परत पाण्यात नेऊ नका."

"मग कपाटातच ठेवतो," असं म्हणून बाबा ते न सुकवताच घरी घेऊन आले. हे घड्याळ त्यांच्या पहिल्या बॅचच्या मुलांनी दिलेलं. पाण्याखाली श्वास किती वेळ धरायचा, ते बाबा त्याच घड्याळावर शिकवतात.

"बाबा, मला द्या. मी करते."

"अगं, तू फिजिक्स शिकलीस. घड्याळं दुरुस्त करायला कधी शिकलीस?"

"वागळे इस्टेटच्या प्रयोगशाळेत दिवसभर मी काय करते? मीटरमध्ये पाणी शिरतं का, तेच बघते ना?"

"मीटर वेगळे. बिघडवलंस तर?"

"तसंही कपाटातच ठेवणार होतात ना?"

बाबांनी घड्याळ माझ्यापुढे सरकवलं.

साहेबांना विचारून मी ते प्रयोगशाळेत नेलं. मागचं झाकण उघडून सेल काढला, मशीन बाहेर काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवलं. गरम हवा फक्त रिकाम्या केसला दिली. डायलला दिली असती तर रंग उडाला असता. नशिबाने गंज नव्हता. झाकणाची रबरी रिंग चपटी झालेली, ती बदलली, नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला आणि घड्याळ जोडलं. मग ते किंचित कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला. आत ओल उरली असती, तर थेंबाखाली धुकं दिसलं असतं. दिसलं नाही.

पण कोरडं होणं वेगळं आणि पाणी अडवणं वेगळं. दाबाच्या भांड्यात घड्याळ आधी पाण्याच्या वर टांगून हवेचा दाब वाढवला, मग पाण्यात सोडून दाब हळूहळू उतरवू लागले. गळती असेल, तर आत शिरलेली हवा बाहेर पडते. चावीपाशी बुडबुड्यांची बारीक माळ उठली. आत पाणी शिरायच्या आधीच मी घड्याळ वर ओढलं.

चावी काढून भिंगाखाली धरली. आतल्या इवल्या रिंगेखाली एक पिवळा कण अडकला होता. मी फोन लावला.

"बाबा, चावीत हळद आहे."

"म्हणजे आता देवावर ढकलणार?"

"देवावर नाही, तुमच्यावर."

ते खळखळून हसले. मी चावी बसते ती नळी पुसली, तीही रिंग बदलली आणि पुन्हा दाब दिला. या वेळी पाणी काचेसारखं निश्चल राहिलं. मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

रविवारी बायकांच्या बॅचला मीही गेले. बाबांच्या मनगटावर घड्याळ बघून बॅचमधल्या प्रमोदिनीकाकू ओरडल्या, "सर, काढा ते! परत रडायला लागेल."

"आधी उथळ बाजूला बघा," मीही म्हणाले.

बाबांनी आम्हा दोघींकडे बघितलं आणि सरळ खोल बाजूला उडी घेतली. खाली जाऊन तळ शिवला, बराच वेळ तिथेच थांबले. माझा श्वास त्यांच्याइतकाच अडकला होता. वर आले आणि हात लांब करून मनगट काकूंच्या नाकासमोर धरलं. काच स्वच्छ होती, सेकंदकाटा चालला होता.

"आमच्या श्रियाने केलंय. कंपनीपेक्षा पक्कं!"

"बाबा, कंपनीइतकंच," मी म्हणाले.

"बरं, कंपनीइतकंच."

पुढची बॅच आली तेव्हा त्यांनी पुन्हा हात वर केला आणि पुन्हा "कंपनीपेक्षा पक्कं" असंच सांगितलं. या वेळी मी दुरुस्ती केली नाही.