बाजरी गार होईपर्यंत

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे, मित्रांनो, आणि आज मला गप्प बसवत नाही. काल गुढीपाडव्याला माझं झाकण उघडलं. पाच महिन्यांनी! तेव्हा जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण अगदी सुरुवातीपासून सांगते. मध्येच उठून जायचं नाही हं!

माझा जन्म माजलगावचा. मुंजाजी नावाच्या कारागिरानं पत्रा कापून, वाकवून, ठोकून मला उभी केली. तीन पोती धान्य मावेल एवढं पोट, वर गोल झाकण, खाली धान्य काढायला छोटं तोंड. मी इतकी चकचकीत होते की येणारेजाणारे माझ्यात बघून टोपी नीट करायचे. मग एका शेतकऱ्यानं आपल्या लेकीच्या लग्नात आंदण द्यायला मला विकत घेतलं. त्या लेकीचं नाव कडूबाई. जीपच्या टपावर बसून मी तिच्या सासरी शिरूर कासारला आले. वरात तिची होती, पण मिरवले मीच!

कडूबाई आणि तिचा नवरा सटवा दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि पाडव्याला परत येतात. त्यांची लेक मोहिनी तेवढे महिने चकलांब्याला मामाकडे राहून शाळा शिकते. जाण्याआधी ते आपल्या रानातली बाजरी माझ्यात भरतात, घराला कुलूप लावतात आणि मग मी एकटीच घर सांभाळते. परत आल्यावर सगळ्यांनी माझ्यातली बाजरी खायची. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. शेजारच्या रतनबाई तर मला बघून म्हणायच्या की असली कोठी आता मिळत नाही. मी मनातल्या मनात फुगायचे.

आणि मागच्या वर्षी माझं नाक कापलं गेलं.

पाडव्याला झाकण उघडलं तर आतून कुबट वास आला. वर धान्यातल्या बारीक पाखरांची जाळी, खाली तांबडे किडे, आणि बाजरीचं निम्मं पीठ झालेलं. मला वर्षभर लाज वाटली, हे सरळ सांगते. कडूबाईनं बाजरी चाळली, पाखडली, ऊन दिलं, पण चव काही परत आली नाही. सुट्टीला आलेल्या मोहिनीनं एक घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं.

“आई, भाकर कडू लागती,” ती म्हणाली. “मी मामाकडंच जाते.”

पाच महिने लेकीची वाट बघितलेली ती आई! सरकवलेलं ताट उचलून ती चुलीपुढे जाऊन बसली. सटवाचा सगळा राग माझ्यावर निघाला. कोठीच खराब झाली आहे, हिला भंगारात देऊन टाकू, असं तो म्हणाला. भंगारवाल्याला त्यानं निरोपसुद्धा धाडला. माझ्या पत्र्याला कापरं भरलं, मित्रांनो. कडूबाईनं मात्र माझ्या अंगाला हात लावला.

“औंदा एक डाव भरू द्या,” ती म्हणाली. “पुन्ना किडे निघाले तर मी सोताच हिला भंगारात देते.”

तर असा एका वर्षाचा वायदा मला मिळाला. पावसाळा सरला, बाजरी खळ्यावर आली आणि कडूबाईनं मला अंगणात आडवी करून घासायला घेतली. तळाच्या सांध्यात जुन्या पिठाचा थर बसला होता. तो तिनं काडीनं खरवडून काढला, कारण त्यातच किड्यांची अंडी दडून बसतात. किती गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! मग तिनं झाकण उलटं केलं आणि एकदम थांबली.

“वरून तर पानी पडलं न्हाई,” ती पुटपुटली, “मग झाकन आतून कावून गंजलं?”

मला ओरडून सांगायचं होतं, कारण मला कारण माहीत होतं! पण पत्र्याला तोंड असून उपयोग काय? ती मात्र त्या गंजावर बोट फिरवत विचार करत राहिली, आणि तिला आपलं आपणच उमगलं. मागच्या वर्षी जायच्या गडबडीत तिनं उन्हातली बाजरी तापलेलीच उचलून माझ्यात ओतली होती. झाकण लावल्यावर त्या उष्णतेनं आत घाम धरला, झाकणाला पाणी सुटलं, बाजरी ओलसर झाली आणि किड्यांची चंगळ झाली. दोष माझा नव्हता, हे अखेर तिला कळलं! मला तर त्या क्षणी अंगणभर गडगडत जावंसं वाटलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. बाजरी दोन दिवस ताडपत्रीवर कडक वाळवली होती. ट्रक उद्या येणार असं ठरलं होतं, आणि तो आदल्या दिवशीच भर दुपारी वस्तीवर येऊन उभा राहिला. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम अजिनाथ हॉर्नवर हॉर्न देऊ लागला. भांडीकुंडी चढली, माणसं चढली. सटवानं घाईघाईनं पाटी भरली आणि तो माझ्याकडे निघाला. कडूबाईनं बाजरीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाटी धरली. सटवा चिडला. टोळी खोळंबली आहे, बाजरीचं काय एवढं, असं तो म्हणू लागला. वरून बायका हाका मारत होत्या. मी श्वास रोखून बघत होते. आता ओतली की मी गेले भंगारात!

“बाजरी आजून गरम हाय,” कडूबाई म्हणाली. “तुमी व्हा म्होरं. मी उद्या यष्टीनं येते.”

आणि ट्रक गेला! टोळीतली कुठलीही बाई असं मागे राहिल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं. कडूबाईनं बाजरी ओसरीच्या सावलीत पातळ पसरली आणि रतनबाईंना सोबतीला बोलावून घेतलं. सकाळी गार झालेली बाजरी मुठीत धरून पाहिली, मगच मला भरलं. तळाशी आणि वर सावलीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला घातला. मला भिंतीपासून हातभर दूर, विटांवर उभं केलं. झाकणाच्या कडेनं शेणमातीचा लेप दिला आणि ती टोळी गाठायला माजलगावच्या एसटीनं निघून गेली.

मग पाच महिने मी आणि अंधार. किडे आले नाहीत असं समजू नका! एक तांबडा किडा तर झाकणाभोवती दिवसच्या दिवस फिरत होता. फट काही त्याला सापडली नाही. फिर बाबा, फिर, मी म्हणायचे.

काल कडूबाईनं झाकणाच्या कडेचा लेप फोडला. सटवा शेजारी उभा होता, आणि मोहिनी दारातच, पिशवी खांद्याला लावून. झाकण निघालं. कडूबाईनं डोळे मिटून हात आत घातला. मग सटवानंही घातला. मूठभर बाजरी त्यानं उन्हात नेली, तळहातावर पसरली, फुंकर मारली, पुन्हा बघितली.

“न्हाई गं,” तो म्हणाला, “एक बी किडा न्हाई.”

लगेच दळण झालं, चूल पेटली. मोहिनीनं पिशवी खांद्यावरून काढलीच नव्हती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चावला, मग दुसरा, तिसरा. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो, मी धरून! ताट रिकामं झालं तेव्हा तिनं पिशवी काढून खुंटीला अडकवली.

“आई, आजून एक टाक,” ती म्हणाली.

कडूबाई चुलीकडे वळली आणि पदरानं डोळे पुसत दुसरी भाकरी थापू लागली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या कोठीला, डब्याला, पिंपाला नुसती नावं ठेवू नका. आम्हाला घासा, वाळवा, जुनं पीठ तळात राहू देऊ नका. आणि उन्हातलं धान्य भरायची घाई झालीच, तर आधी त्यात हात घालून बघा. गरम लागलं, तर गाडी जाऊ द्या.