सोबत

टेपचं एक टोक बाकाच्या कडेला दाबून धरत सुतार म्हणाला, "तिकडचं टोक नीट धर ना."

आणि लगेच, मान वर न करता, "धरा."

शिवणकाम करणारीने टोक धरलं. सुताराने आकडा वाचला, तिने कापडावर खडूने खूण केली आणि दोघं पुढच्या बाकाकडे वळली, जणू काही झालंच नव्हतं. पण पुढची रेघ वाकडी गेली. ती झटकून पुन्हा ओढावी लागली.

चर्चची जुनी बाकं दुरुस्त करायचं काम सुताराकडे होतं आणि त्यांवरच्या गाद्या शिवायचं तिच्याकडे. पाळकांनीच सांगितलं होतं, दोघं एकमेकांच्या विचाराने करा, नाहीतर बाक एकीकडे आणि गादी भलतीकडे व्हायची. म्हणून रोज दुपारी चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये एका टोकाला त्याचा रंधा चालायचा आणि दुसऱ्या टोकाला तिचं मशीन. सुतार विधुर होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्याबद्दल तो क्वचितच बोलायचा, आणि बोलला की ती शेजारच्या खोलीत असल्यासारखा आवाज खाली आणायचा. शिवणकाम करणारीचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खात्यात होता. वर्षातला मोठा काळ समुद्रावर. घरात ती आणि सासूबाई, दोघीच.

नवरा वाईट नव्हता. वाईट असता तर मनाला एखादी सबब तरी सापडली असती. बंदराला लागला की फोन करायचा, आईच्या गोळ्यांची चौकशी करायचा, नळ गळायचा थांबला का विचारायचा. रजेवर आला की पहिले काही दिवस पाहुण्यासारखा वावरायचा, कपाटातला टॉवेलसुद्धा विचारून घ्यायचा. मग हळूहळू घरचा व्हायचा, आणि पुरता घरचा झाला की बॅग भरायची वेळ यायची. प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करता करता ती थकली होती, पण हे सांगणार कुणाला आणि कशाबद्दल तक्रार म्हणून?

सुतारानेही तिला कधी वावगं काही म्हटलं नव्हतं. एवढंच, की कापडाचा जड गठ्ठा उचलायची वेळ आली की तो आधीच तिथे असायचा. एकदा ती काम करताना खोकली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनमागची वाऱ्याची खिडकी बंद होती आणि उजेडाची उघडी. कुणी आपल्याकडे असं लक्ष देऊन बघावं, हे ती विसरूनच गेली होती. उन्हात ठेवलेल्या पाण्यासारखी ती त्या दुपारांमध्ये हळूहळू कोमट होत गेली. तिला कळलंसुद्धा नाही.

त्या दिवशी तो "धर" म्हणाला, तेव्हा कळलं.

गुरुवारी हॉलमधली सगळी बाकं पुरी झाली. राहिलं होतं ते वेदीसमोरचं पहिलं बाक. ते फार खिळखिळं झालं होतं म्हणून सुताराने आपल्या कारखान्यात नेलं होतं.

"त्याची गादी बसवून बघायला लागेल," अवजारं पेटीत ठेवत तो म्हणाला. "शनिवारी दुपारी याल? कारागिरांना सुट्टी असते. गडबड नसते."

"येते," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की त्याचा हात पेटीच्या झाकणावरच राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी ती शनिवारचे कपडे इस्त्री करत होती. निळ्या कुडत्याची बाही झाली, कॉलर झाली. कॉलर पुन्हा एकदा झाली. मग तिच्या लक्षात आलं, की हे निळे कपडे आपण गेल्या वर्षी नवरा रजेवर आला तेव्हा घातले होते, त्यानंतर नाही. आणि ते कपाटातून काढताना आपण गुणगुणत होतो.

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

मी काय लहान आहे का, तिने स्वतःला सांगितलं. जाईन, गादी बसवीन, येईन. तो भला माणूस आहे, मीही काही वाहवत जाणारी नाही. वेळ आलीच तर बघून घेईन. पण हे "वेळ आली तर बघू" तिला स्वतःलाच खोटं वाटलं. बुधवारच्या बायकांच्या प्रार्थनेत पाळकीणबाईंनी पवित्र शास्त्रातल्या, परदेशी राजवाड्यात नेलेल्या त्या बंदिवान तरुणाबद्दल सांगितलं होतं. राजाच्या ताटातलं खायचं नाही, हे त्याने पंगत मांडली जाण्याआधीच ठरवलं होतं. "पक्वान्नांचा वास नाकात गेल्यावर कोण उपास धरतं?" पाळकीणबाई म्हणाल्या होत्या. "बायांनो, तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही." सगळ्या हसल्या होत्या. तीही हसली होती. त्या वेळी ते दुसऱ्या कुणासाठी तरी होतं.

उद्या कारखान्याचं दार लोटून आत गेल्यावर आपण काय करू, हे तिला माहीत नव्हतं. पण आज, या खोलीत, काय करता येईल हे माहीत होतं.

इस्त्रीचं बटण बंद करून ती सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या खिडकीशी बसून कानातल्या यंत्राची बॅटरी बदलत होत्या.

"आई, उद्या दुपारी माझ्याबरोबर याल?"

"कुठे गं?"

"सुतारांच्या कारखान्यात. पहिल्या बाकाची गादी बसवून बघायचीय."

"मला लाकडातलं काय कळतं? मी आपली बाकावर बसून डुलक्या काढणारी."

"काही कळायला नको. नुसत्या या."

"आणि या गुडघ्यांचं काय करू? त्यांची माझी सोडचिठ्ठी झालीय केव्हाच."

"जाताना गाडी करू. येताना रमतगमत येऊ."

सासूबाईंनी यंत्राचं झाकण बसवलं. मग सुनेकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीवरचा सुटलेला रंग नखाने खरवडत उभी होती.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं. का जायचं, हे विचारलं नाही.

शनिवारी सकाळी ती रोजच्यासारखी गुडघे टेकून बसली. प्रभूने शिकवलेली प्रार्थना जिभेवर आपोआप चालली होती. 'आम्हास परीक्षेत आणू नको' या ओळीपाशी ती अडली. ती ओळ मनापासून म्हणावी, असं तिला वाटेना. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली, आणि मग ती ओळ तिने मोठ्याने म्हटली. मनापासून नाही, पण मोठ्याने.

त्यानंतर सासूबाई लंगडत स्वयंपाकघरात आल्या. "आज जरा जास्तच धरलेत गं," गुडघ्यांवर हात ठेवून त्या म्हणाल्या, आणि तिच्या मनात एकदम आशा फडफडली. त्या आशेची तिला इतकी लाज वाटली, की तिने तोंड फिरवून उगाच एक धुतलेलं भांडं पुन्हा धुतलं.

"राहू द्या मग आज," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मी एकटीच जाऊन येते."

 मागून खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. "तेल लावून बसते तासभर," सासूबाई म्हणाल्या. "येणार म्हटलंय ना? मग येणार."

ती राखाडी कपडे घालून निघाली.

कारखान्याचं दार उघडंच होतं. आत पॉलिशचा वास होता, आणि जमीन इतकी स्वच्छ झाडलेली, की भुश्शाचा कण दिसेना. सुतार बाकाशी उभा होता. त्याने तिला पाहिलं, तिच्या मागून उंबरा चढणाऱ्या सासूबाईंना पाहिलं आणि घाईने पुढे झाला.

"या, आई. या. सांभाळून."

तेव्हा कुठे तिला दिसलं, की भिंतीशी मांडलेल्या खुर्चीवर केस पिकलेली एक बाई मांडीवर लोकरीचं विणकाम घेऊन बसली होती.

"माझी ताई," सुतार म्हणाला.

"या हो बाई, बसा," ताईंनी सासूबाईंसाठी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बरं झालं कुणीतरी आलं. सकाळपासून हा बोलतोय ते फक्त लाकडाशी."

सासूबाई बसल्या, आणि जुन्या मैत्रिणी बाजारात भेटाव्यात तशा दोघी सुरू झाल्या. गुडघे, मग डॉक्टर, मग डॉक्टरांना गुडघ्यातलं काही कळत नाही हे. तिने गादी उलगडली. सुताराने एक बाजू धरली, तिने दुसरी, आणि दोघांनी ती बाकावर पसरली.

"तुम्ही इथेच राहता का भावाकडे?" मागे सासूबाईंनी विचारलं.

"छे हो! माझं गाव लांब. परवा रात्री याचा फोन. ताई, शनिवारी माझ्याकडे ये. म्हटलं, तब्येत बरी आहे ना? तर म्हणे, बरी आहे, पण ये. दुपारी कारखान्यात बसायला ये. आता मी काय याला इथे खिळे ठोकून देणार आहे?" ताई हसल्या. "आणि एरवी वर्षवर्ष बोलावत नाही हो. हट्टच धरला. म्हटलं, लहान भाऊ आहे, असेल काहीतरी."

तिचा हात गादीच्या शिवणीवर थांबला. परवा रात्री. म्हणजे तिने इस्त्री हातात घेतली त्याच्याही आधी.

बाकाच्या पलीकडे सुतार वाकलेला होता. त्याने मान वर केली. इतक्या दिवसांत दोघांनी एकमेकांकडे असं सरळ बघितलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या सासूबाईंकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. त्याचे कान लाल झाले. तिला हसूही येत होतं आणि रडूही. दोघांपैकी कुणीही जे एका शब्दाने उच्चारलं नव्हतं, ते तिथे दोन खुर्च्यांवर बसून गुडघ्यांबद्दल बोलत होतं.

"आता मात्र आमच्याच गावात येतोय," ताई सांगत होत्या. "तिथल्या शाळेचं मोठं काम धरलंय कालच. किती वर्षं सांगत होते, ऐकलं नाही. आता अचानक म्हणतो, येतो."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "रक्ताचं माणूस जवळ असलेलं बरं."

सुताराने गादीचा कोपरा दाबून बघितला. तो बरोबर बसला होता. तरी त्याने पुन्हा दाबला.

"बसली," तो म्हणाला.

"हो."

"चांगली शिवलीत."

"बाकही चांगलं झालंय." तिने पाठीच्या नव्या फळीवरून हात फिरवला. मग हात काढून घेतला. "कधी निघताय?"

"सोमवारी हे चर्चमध्ये नेऊन ठेवतो. मग निघतो."

आणखी काही बोलायचं राहिलं होतं, असं दोघांनाही वाटलं असावं, कारण दोघंही तिथेच उभी राहिली. मग ताईंनी चहा हवा का विचारलं, आणि ती पटकन म्हणाली, "नको, निघतो आम्ही. आईंच्या औषधाची वेळ झालीय." सासूबाईंच्या औषधाला अजून बराच वेळ होता. त्यांनी मान डोलावली आणि उठल्या.

रस्ता उताराचा होता. सासूबाई तिच्या दंडाचा आधार घेऊन चालत होत्या, आणि तिला नीट दिसत नव्हतं. पोस्टापाशी एक बुटकी भिंत होती. तिथे सासूबाई टेकल्या आणि शेजारची जागा हाताने झाडली. तीही बसली.

"भला माणूस आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"ते मला तिथे जायच्या आधीच कळलं होतं. वाईट माणूस असता, तर तू गेलीच नसतीस. मला कशाला नेलं असतंस?"

 तिचे खांदे हलायला लागले. सासूबाईंनी कानातलं यंत्र काढलं, ते मुठीत धरलं, आणि तोंड दुसरीकडे करून रस्त्याने जाणाऱ्या सायकली बघत बसल्या.