मेंग सरांच्या पुस्तकातली आमची आजी

"सर, तुमच्या पुस्तकातली ही आजी कोणाची?"

मित्रांनो, या प्रश्नाची पैज लावली वर्गातल्या गायुलने, विचारला माझ्या हानबीने आणि ऐकला मी, दप्तरातून. मी एक जुनी शब्दवही, जन्ज्यू शहरातली. कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी.

मेंग सरांच्या इंग्रजीच्या शिकवणीत शब्द चुकला की कागद काळा होईस्तोवर तोच लिहायचा. 'आयडलाइज', म्हणजे एखाद्याला अगदी देव करून डोक्यावर घेणं. हानबीने कागदांमागून कागद काळे केले, शब्द काही डोक्यात राहीना. शेवटी तिने माझ्यात लिहिलं, 'आजी टीव्हीवरच्या गायकाला इतकी आयडलाइज करते की तो गायला लागला की तिचं सुपाचं भांडं करपतं.' शेजारी भांड्याचं चित्रही काढलं. शब्द पुन्हा चुकला नाही. मग काय, बघता बघता अख्खं घर माझ्यात राहायला आलं.

"हानबी, खाण आहे गं ही वही. आठवडाभर ठेवू?" सर म्हणाले. हानबीने वाकून, दोन्ही हातांनी मला दिलं. माझ्या पुठ्ठ्याच्या आत सरांचाच फोटो चिकटवलेला होता. मीही फुशारले. पोटातलं सगळं त्यांच्यापुढे उघडं केलं.

चार महिन्यांनी सरांचं इंग्रजी शब्दांचं पुस्तक आलं. त्यात आमची आजी, आमचं भांडं. हानबीचं नाव मात्र कुठेच नाही. मित्रांनो, मला वाळवी लागली असती तरी इतकं झोंबलं नसतं.

"आहे का हिंमत तुझ्या देवाला विचारायची?" गायुल म्हणाली. "विचारलंस तर आठवडाभर तिखट तोकबोक्की खायला माझ्याकडून."

हानबीने भर वर्गात विचारलंच. सर हसले. "वर्ग माझा, शब्द मी शिकवला, मग आजीही माझीच की. आणि तुझं नाव छापलं असतं तर पुस्तक घेतलं कोणी असतं, बाळ?"

सगळा वर्ग हसला. गायुल तेवढी हसली नाही.

घरी जेवताना हानबीने मला ताटाशेजारी ठेवलं आणि फोटो नखाने खरवडून काढला. माझा पुठ्ठाही थोडा सोलला गेला. सोलू दे.

"अगं, सरांचा फोटो का काढतेस?" आई म्हणाली. "सहा महिने थांबलो तेव्हा कुठे तिथे जागा मिळाली. परीक्षा तोंडावर आलीय."

मित्रांनो, कोणी दोन्ही हातांनी वही दिली तर तिच्यावरचं नाव आधी वाचा. एवढंच मागणं.

"आई, बाबा, मी सरांची शिकवणी सोडतेय," हानबी म्हणाली. "अभ्यास या वहीतूनच करीन. उद्या शेवटचं जाते, आजीला घेऊन. ती कोणाची, ते तिचं तीच सांगेल."