एनेइदामावशींचा चिरूट

तीन रविवार ओस्मानीने कार्बोरेटर उघडला, धुतला, पुन्हा बसवला. तरी आजोबांच्या वेळची ती मोटरसायकल उभ्या जागी खोकायची, थडथडायची आणि बंद पडायची. शेवटी नाक मुठीत धरून तो ओल्गीन शहरातल्या जुन्या मेकॅनिक एनेइदामावशींकडे गेला.

सत्तरीच्या मावशींनी पान्याला हातही लावला नाही. त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, ओस्मानीला किक मारून कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर इंजिन चालू करायला लावलं आणि आग नको म्हणून लांब जाऊन चिरूट पेटवला.

"मावशी, इथे माझी गाडी मरतेय आणि तुम्ही झुरके मारताय?"

"गप्प बस. तुझ्यापेक्षा या चिरुटाला जास्त कळतं."

चिरूट तिथेच कट्ट्यावर ठेवून, गालात धूर धरून त्या परत आल्या आणि कार्बोरेटर इंजिनाला जोडतात तिथे हळूच फुंकर घातली. धूर वर गेलाच नाही. धाग्यासारखा सरळ त्या जोडात शिरला. गाडी तिथूनच चोरून हवा पीत होती.

"इथे काय घातलंस?"

"ट्यूबचं रबर."

"पेट्रोलने फुगतं ते, दीडशहाण्या!"

इंजिन थांबवून मावशींनी जोड उघडला, त्यावर कॅलेंडरचा पुठ्ठा धरला आणि कडेकडेने हातोडी टकटकवत नेमका आकार पाडला. रबराच्या जागी तो पुठ्ठा बसवून कॉक सोडला. किक मारली. मग कट्ट्यावरचा आपला भरलेला कॉफीचा कप त्यांनी चालू गाडीच्या टाकीवर ठेवला.

एक थेंब सांडला नाही.

"घे, पी," त्या म्हणाल्या.

ओस्मानीने कप उचलला, तेव्हा कुठे कॉफी हिंदकळली.