एक बादली कोमट पाणी

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाळाचा एक फॉर्म असतो आणि तो भरायचं काम माझ्याकडे आहे. बावीस प्रश्न. घर स्वतःचं की भाड्याचं, चूल की गॅस, पाण्याची सोय आहे की नाही. गरिबीपायी लेकरांचे उपचार अडू नयेत, अडचण आधीच कळावी, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. मी इथं लागले ती आया म्हणून. पुढचं जे काही शिकले ते हे फॉर्म वाचून आणि लोकांच्या तोंडाकडे बघून. आता माझ्या बिल्ल्यावर ‘समुपदेशक’ लिहिलंय, तरी झाडू अधूनमधून हातात येतोच.

गुरुवार असतो वाकड्या पायांचा. काही लेकरांचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं. डॉक्टर दर आठवड्याला ते थोडं थोडं सरळ करून मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घालतात. सहा-सात प्लॅस्टरांत पाऊल जागेवर येतं. फक्त एक करायचं. गुरुवारी सकाळी आईनं घरीच बादलीभर कोमट पाण्यात बाळाचा पाय तासभर धरायचा, जुनं प्लॅस्टर मऊ करून सोडवायचं आणि मोकळा पाय घेऊन अकराच्या आत यायचं. गुरुवार चुकला की प्लॅस्टर सैल होऊन घसरतं आणि पाऊल परत आपल्या जुन्या वळणावर जातं. लागोपाठ दोन खाडे झाले की फाइल दुसऱ्या कपाटात. मग पुन्हा नंबर लागेपर्यंत थांबायचं. हाडं थांबत नाहीत.

त्या गुरुवारी दीपमाला आली तेव्हा साडेबारा वाजले होते. हर्सूलच्या पलीकडून दोन रिक्षा बदलून यायची. बरोबर सासू भागूबाई, कडेवर तीन महिन्यांची संस्कृती. मागच्या गुरुवारी त्या आल्याच नव्हत्या. आणि आज बाळाच्या पायावर प्लॅस्टर तसंच! वरची कड कुरतडलेली, मांडीवर दोन लाल ओरखडे.

आमचे डॉक्टर मिहिर सर सकाळपासून एकोणीस पाय करून हात धूत होते. माणूस वाईट नाही, पण थकलेला होता.

“हे काय? भिजवलं नाही?”

“भिजवलं जी थोडं.”

“थोडं म्हणजे? आणि हे ओरखडे कशाचे?”

दीपमालानं ओरखड्यांवर पदर ओढला. सर माझ्याकडे वळले. “सुलेखाताई, पाय मोकळा न करता येणं म्हणजे खाडाच, हा दुसरा. कारण लिहा आणि फाइल तिकडं ठेवा.”

मी दोघींना बाकावर बसवलं. फॉर्मच्या मागं चार ओळींची जागा असते, ‘गैरहजेरीचे कारण’.

“मागच्या खेपेला का नाही आलात?”

“पाहुणे आले होते,” दीपमाला म्हणाली.

“कोण पाहुणे?” भागूबाई फिसकन हसली. “त्या खोलीत आमचेच पाय मावत नाय, पाहुणे कुठं बसवती गं?”

“आत्याबाई, गप बसा ना.”

मी फॉर्म उलटा केला. पाण्याची सोय, आहे. माझ्याच हातची बरोबरची खूण. पहिल्या दिवशी विचारलं होतं तेव्हा ती ताठ बसून म्हणाली होती, “व्हय, नळ हाय.” नळ होताच. खोटं नव्हती बोलली.

मी घड्याळ बघितलं, आणि मलाच कसंतरी झालं. मी घड्याळ बघत होते कारण त्या दिवशी माझा नळ होता. आमच्या गल्लीत नवव्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी दोन ते तीन. त्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. या शहरात लग्नाची तारीख काढतानासुद्धा लोक आधी नळाचा वार विचारतात. अन् मी वर्षानुवर्षं विचारत आले, पाण्याची सोय आहे का? वर खूण करून मोकळी.

“दीपमाला, तुमचा नळ कधी येतो?”

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघायला लागली.

“आज सहावा दिवस, मागच्या गुरुवारी आठवा होता. आता रविवारी यील. घरमालकीण दोन हंडे देती, त्याच्या वर नाय. ते प्यायला अन् सैपाकाला.”

“मग आज कसं केलंस?”

“फडकं ओलं करून गुंडाळलं रातच्याला. सकाळी चमच्यानं उकरलं.” तिनं ओरखड्यांवर हात ठेवला. “लई रडली. मग मीच सोडून दिलं.”

“मी म्हणलं हिला,” भागूबाई बोलली, “ताईला खरं सांग. तर म्हणती, एक बादली पाणी नाय म्हणून कसं सांगायचं? गावाकडं इहीर हाय आपली.”

मी उठले. मोरीतली मोठी बादली घासली, चहाच्या गॅसवर पातेलंभर पाणी तापवलं, आणि संस्कृतीला मांडीवर घेऊन बसले. पाय बादलीत. आधी तिनं दवाखाना डोक्यावर घेतला, मग पाणी आवडलं असावं, बोटं हलवायला लागली.

सर दारात आले. “काय चाललंय?”

“भिजवतेय. तासभर लागेल.”

“माझं जेवण राहिलंय, ताई.”

“जेवून या. प्लॅस्टर पळून जात नाही.”

“आणि खाडा?”

“बाळ इथं आहे ना सर? मग खाडा कसला?”

त्यांनी डबा तिथंच टेबलावर उघडला. भाकरी तोडता तोडता बादलीकडे बघत होते.

दोन वाजले. अडीच वाजले. माझ्या घरचा ड्रम मला डोळ्यासमोर दिसत होता, तळाशी चार बोटं पाणी. बादलीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. शेवटी मऊ पट्ट्या एकेक करून सुटल्या आणि आतून तो एवढासा, सुरकुतलेला पाय बाहेर आला. आत वळलेलाच होता, पण पहिल्या दिवसाइतका नाही. सरांनी अंगठ्यानं दाबून बघितलं, “हं” म्हणाले आणि नवं प्लॅस्टर भिजवायला घेतलं.

मागच्या चार ओळींत मी लिहिलं : नळ आला नाही. घरी पोचले तेव्हा माझाही येऊन गेला होता. शेजारच्या भानुमतीकडून कळशी मागून आणली, तीही बोलणी खाऊन.

पुढच्या गुरुवारी दहालाच दीपमाला हजर. तिच्यामागं अजून दोघीजणी लेकरं घेऊन, तिन्ही बाळांच्या पायांवर प्लॅस्टर तसंच. “इथं भिजवून देत्यात म्हणं,” त्यातली एक म्हणाली. मी कपाळावर हात मारला. बादली एकच, अन् मीही एकच.

एवढ्यात भागूबाईनं पदराखालून पाच लिटरचा कॅन काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

“रविवारी नळ आला आमचा, त्यातलं राखून ठेवलं हे. घ्या.”

“अगं मग घरीच भिजवायचं होतं ना मावशी!”

“पोरीचं पाच लिटरात कुठं भागतंय? हे तुमचं हाय. त्या दिशी तुमच्या बादलीतलं वापरलं ना आम्ही.”

कॅन कुठं ठेवावा ते मला सुचेना. शेवटी तेच पाणी मी तापत ठेवलं, आणि त्या दोघींना म्हटलं, बसा, नंबरानं घेऊ.